गोव्यातून चित्रे आणि छायाचित्रे ऑनलाइन विकणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रकार, छायाचित्रकार आणि आल्तिनोच्या कला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुले जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. उत्तरे गोव्यात बसून विकणाऱ्याला धरून दिली आहेत. कराचे दर आणि संकेतस्थळांचे कमिशन बदलत असते, तेवढे विक्रीआधी ताजे बघून घ्या.

मी नेमके काय विकतो आहे?

हा प्रश्न सहसा कोणी पहिला विचारत नाही. सगळ्यांना आधी वेबसाइटचे नाव हवे असते. पण पुढची बरीच भांडणे इथूनच सुरू होतात, म्हणून तोच वर घेतला आहे. तुमच्याकडे विकण्यासारख्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत : मूळ चित्र, त्याची प्रिंट आणि ते छापण्या-वापरण्याचा हक्क. पर्वरीतल्या कोणी तुमचे मांडवीचे चित्र विकत घेतले तर तो ते दिवाणखान्यात लावेल, भाच्याला लग्नात देईल, उद्या दुसऱ्याला विकेलही. पण आपल्या होमस्टेच्या कॅलेंडरवर ते छापण्याचा अधिकार त्याला त्या खरेदीतून मिळत नाही. कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षे. २०१२च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही हीच मुदत आहे.

बिलावर एक ओळ छापून ठेवा : 'विक्री फक्त या एका चित्राची / प्रिंटची, पुनर्मुद्रणाचे हक्क कलाकाराकडे.' गिऱ्हाईक चांगले असले तरी लिहा. चांगल्या गिऱ्हाइकाला ती ओळ खटकत नाही.

हॉटेलने ऑर्डर देऊन चित्रे करून घेतली. आता तेच चित्र मी प्रिंट म्हणून विकू शकतो ना?

बहुधा नाही, आणि ही गोष्ट अनेकांना धक्का देते. कॉपीराइट कायदा १९५७चे कलम १७ सांगते की, कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेले छायाचित्र, चित्र किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ऑर्डर देणारा. म्हणजे कांदोळीच्या रिसॉर्टने आगाऊ रक्कम देऊन लॉबीसाठी सहा चित्रे करून घेतली आणि सगळी बोलणी व्हॉट्सॲपवर 'ओके, डन' इतकीच झाली, तर हक्क रिसॉर्टचे. लग्नाच्या फोटोंचेही तसेच. नवरा-नवरीचे फोटो तुम्ही पोर्टफोलिओत लावता किंवा स्टॉक साइटवर (फोटो वापरण्याचे परवाने विकणाऱ्या साइटवर) टाकता, ते करारात लिहिलेले नसेल तर तुमच्या हातात नसते.

उपाय सोपा आहे, पण काम सुरू होण्याआधीचा आहे. कोटेशनमध्येच लिहा की हक्क कलाकाराकडे राहतील आणि गिऱ्हाइकाला अमुक वापराची परवानगी असेल. आगाऊ रक्कम हातात पडण्याआधी हे मान्य करून घ्या. नंतर कोणी सही करत नाही.

उलट बाजूने कोणी तुमचे हक्क विकत घ्यायला आला तर 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' या तीन शब्दांवर बोट ठेवा आणि प्रत्येकाची वेगळी किंमत सांगा. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. बहुतेक वेळा हक्क विकायचेच नसतात. ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता परवाना दिला की दोघांचे भागते.

कॉपीराइटची नोंदणी करावी लागते का?

सक्ती नाही. चित्र काढले की हक्क निर्माण होतो. नोंदणी हा कोर्टात उपयोगी पडणारा पुरावा आहे, इतकेच. कलाकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. ती एखाद्या मालावर वापरली जाणार किंवा जाण्याजोगी असेल तर २,०००. प्रत्येक स्केचसाठी हा खटाटोप करू नका. ज्या चित्राचे कॉफीचे मग, टी-शर्ट, पिशव्या निघणार आहेत, त्यासाठी जरूर करा. बाकीच्यांसाठी मूळ फाइल, कच्ची रेखाटने आणि काम चालू असतानाचे तारखेसह फोटो जपून ठेवा.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या धर्तीची चित्रे पर्यटक लगेच घेतात. काढून विकली तर?

शैलीवर कोणाची मालकी नसते. गर्दीचा बाजार, पाववाला, बाल्कांवात (घराच्या दर्शनी ओट्यावर) बसलेली आजी हे विषय सगळ्यांचेच. पण मारिओ मिरांडा यांचे प्रत्यक्ष रेखाटन किंवा त्यातली ओळखू येणारी पात्रे उचलणे हे उल्लंघन आहे. त्यांचे निधन २०११ साली झाले, म्हणजे त्यांच्या कामावरचा कॉपीराइट २०७१ अखेरपर्यंत आहे. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा २००२ साली गेले, तेव्हा तिथेही २०६२पर्यंत थांबा. राजा रवि वर्मा (निधन १९०६) मात्र मुक्त आहेत. पण त्यांच्या चित्राचा फोटो कोणा संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घेणार असाल तर त्या संकेतस्थळाच्या अटी वाचा.

कायद्यापलीकडचे एक मत : मारिओंची नक्कल दुकानात खपते, ऑनलाइन नाही. दुकानात पर्यटकापुढे तुमचेच चित्र असते. इंटरनेटवर तो खरा मारिओ आणि तुमची नक्कल शेजारीशेजारी बघतो.

मग विकते तरी काय?

सूर्यास्त, माड, समुद्रात उभी होडी यांनी स्टॉक साइट्स तुडुंब भरल्या आहेत आणि त्यातले बरेच फोटो केरळ किंवा थायलंडचे असले तरी बघणाऱ्याला फरक कळत नाही. तुमची जागा तिथे आहे जिथे फरक कळतो. खाजनातला (खाऱ्या पाण्याकाठच्या बांध घातलेल्या शेतातला) मानस म्हणजे पाण्याचे दार, मिठागरातली उन्हाळ्यातली कामे, सत्तरी तालुक्यातल्या कुळागरात (पोफळीच्या बागेत) पाट काढून वळवलेले पाणी, पावसाने हिरवटलेली जांभ्याची गडगी, घुमट या मातीच्या वाद्यावर घोरपडीऐवजी आता चढवले जाणारे बकऱ्याचे कातडे. परदेशी प्रकाशकाला, वास्तुरचनाकाराला किंवा पाककृतीच्या पुस्तकाला असा फोटो हवा असतो तेव्हा पर्याय थोडे असतात आणि मग घासाघीस कमी होते.

चित्रकारांसाठीही हेच. देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यात कोरून तांबड्या मातीने उठवलेली कावी कला ही परंपरा आहे, तिच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. तिचा अभ्यास करून स्वतःची रचना केलीत तर ती रचना तुमची. गोव्याबाहेर राहणारे गोंयकार हे मोठे गिऱ्हाईक आहे आणि त्यांना 'गोवा' नको असतो, आपला वाडा हवा असतो. वर्णनात गावाचे नाव, ऋतू, सण लिहा. 'गोव्यातील सुंदर निसर्ग' असे लिहिलेले चित्र कोणी शोधायला जात नाही.

चर्च, जुनी घरे, भिंतीवरची चित्रे यांचे फोटो विकता येतात का?

इमारतीचा फोटो किंवा चित्र काढणे आणि प्रसिद्ध करणे कलम ५२ने मोकळे ठेवले आहे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचेही तसेच. पण भिंतीवर रंगवलेले चित्र या सवलतीत सरळ बसत नाही. पणजीतल्या एखाद्या भित्तिचित्राचा नुसता फोटो काढून त्याची प्रिंट विकली तर खरे पाहता तुम्ही दुसऱ्याचे चित्र विकता आहात. रस्ता, माणसे, सायकल आणि मागे भित्तिचित्राचा कोपरा असेल तर गोष्ट वेगळी.

जुन्या गोव्याची चर्चेस १९८६पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हातात कॅमेरा धरून फोटो काढायला अडचण नसते, स्टँड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढा. देवळाच्या गर्भगृहापाशी कॅमेरा बाहेर काढण्याआधी विचारा, बऱ्याच देवस्थानांत मनाई आहे. पणजीतल्या फोंताईन्हास या जुन्या वस्तीत कायद्यापेक्षा शेजारधर्म मोठा. लोकांच्या खिडकीखाली सकाळी सातला मॉडेल उभे करून शूटिंग करणाऱ्यांना तिथले रहिवासी कंटाळले आहेत आणि त्यांचे काही चुकत नाही.

शिगम्यातल्या, रापणीवरच्या (किनाऱ्यावरून मासळीचे जाळे ओढणाऱ्या) माणसांचे फोटो?

बातमी, लेख, पुस्तक यांसाठी, म्हणजे स्टॉक साइट ज्याला 'एडिटोरियल' म्हणते त्या वापरासाठी, सार्वजनिक जागेतला फोटो चालतो. जाहिरातीसाठी चालत नाही. चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाचे लेखी संमतिपत्र लागते, नसेल तर साइट फोटो नाकारते. संमतिपत्र मराठीत किंवा कोकणीत वाचून दाखवा, सोबत साइटचा छापील नमुना जोडा. रापणकाराला दोन प्रिंट नेऊन द्या. कागदावरच्या सहीपेक्षा तुम्ही पुन्हा तिथे गेलात हे त्याच्या लक्षात राहते.

लहान मुलांचे फोटो पालकांच्या सहीशिवाय विकायचे नाहीत.

ड्रोनचे फोटो?

आधी डिजिटल स्काय या ड्रोनच्या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा. दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि २०२३पासून मोपा विमानतळही सुरू झाला, त्यामुळे गोव्यासारख्या लहान राज्यात लाल (मनाईच्या) आणि पिवळ्या (परवानगी लागणाऱ्या) क्षेत्रांनी बरीच जागा व्यापली आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलट परवाना लागत नाही, पण म्हणून तो लाल क्षेत्रात उडवता येतो असे नाही.

कोणत्या साइटवर विकू?

काय विकता त्यावर आहे. एट्सीवर हस्तकला, लहान चित्रे, प्रिंट चालतात. एक वस्तू मांडायला २० सेंट, चार महिन्यांसाठी, आणि विक्रीवर साडेसहा टक्के. पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. साची आर्टसारखी ऑनलाइन दालने मोठ्या मूळ चित्रांसाठी. तिथले कमिशन ४० टक्क्यांच्या घरात जाते. ऐकायला जबर वाटते, पण प्रत्यक्ष गॅलरीही कमी घेत नाही आणि इथे जगभरची गिऱ्हाइके येतात. छायाचित्रांच्या परवान्यांसाठी ॲडोबी स्टॉक ३३ टक्के देते. शटरस्टॉकवर १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाला येतात. डिसेंबरात वर चढलेल्यांसाठी हा वार्षिक शिमगा आहे.

स्टॉक साइट्सवर एका डाउनलोडमागे हातात येणारे पैसे बहुधा चहापाण्याइतके असतात. शेकडो फोटो टाकण्याची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. दहा-वीस उत्तम फोटो असतील तर त्यांच्या मर्यादित प्रिंट काढून स्वतः विका.

आणि जवळचे विसरू नका. हणजुणेच्या बुधवारच्या बाजारात किंवा हडफड्याच्या शनिवारच्या रात्रबाजारात पर्यटकाला तीन फुटी कॅनव्हास आवडतो, पण विमानात नेणार कसा? त्याच्या हातात क्यूआर कोड असलेले कार्ड द्या, चित्र नंतर कुरिअरने जाईल. कोणत्याही साइटपेक्षा हे गिऱ्हाईक पक्के, कारण त्याने चित्र डोळ्यांनी पाहिलेले असते.

किंमत कशी लावायची?

नवोदितांसाठी चौरस इंचाचा हिशोब बरा. १८ × २४ इंच म्हणजे ४३२ चौरस इंच. दर २५ रुपये धरला तर १०,८०० रुपये, वर कॅनव्हास, रंग आणि फ्रेमचा खर्च. दर तुमच्या अनुभवाप्रमाणे चढवत न्या. फार मोठ्या चित्राला थोडा उतरवा, फार लहानाला वाढवा. मग त्यात कमिशन मिळवा आणि तीच किंमत सगळीकडे ठेवा. साइटवर १८ हजार आणि घरी आलेल्याला १० हजार असे केले की दोन्हीकडची पत जाते.

किंमत लपवू नका. 'किमतीसाठी मेसेज करा' लिहिले की निम्मे लोक निघून जातात. उरलेले मेसेज करतात ते उत्सुकतेपोटी.

चित्राचा चांगला फोटो कसा काढू?

गोव्यातला पावसाळा इथे कामाला येतो. ढगाळ दिवशी दहा ते चारच्या दरम्यान, छपराखाली पण उघड्या बाजूला, चित्र भिंतीला सरळ टेकवा. कॅमेरा चित्राच्या बरोबर मध्यावर, समांतर. घरात काढायचे तर एकसारखे दोन दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. शेजारची भिंत हिरवी किंवा गुलाबी असेल तर तिची झाक चित्रावर उतरते; आपल्याकडे घरे अशीच रंगवतात, म्हणून हे सांगायला हवे. काच लावण्याआधी फोटो काढा.

इंटरनेटसाठी फाइल एसआरजीबी रंगात (पडद्यासाठीच्या नेहमीच्या रंगप्रकारात), लांब बाजू १,२०० ते १,५०० पिक्सेल, इतके पुरे. फोनच्या पडद्यावर जांभ्याचा तांबडा रंग भडक दिसतो, तो थोडा दाबून प्रत्यक्ष चित्राशी ताडून पाहा. सोबत एक फोटो कडेचा, एक जवळचा पोताचा आणि एक खोलीत टांगलेला द्या. लांबी-रुंदी इंचांत आणि सेंटिमीटरमध्येही लिहा.

माझ्या फोटोची किती मोठी प्रिंट निघेल?

चांगल्या प्रिंटसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरा. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची फाइल ६००० × ४००० असते, म्हणजे साधारण २० × १३ इंच. १२ मेगापिक्सेलच्या फोनवरून १३ × १० इंच. भिंतीवर लांबून बघायच्या प्रिंटला २०० चालतात. कागद सुती आणि आम्लविरहित, शाई पिगमेंटची. साध्या फोटो लॅबची प्रिंट 'संग्राह्य' म्हणून विकू नका. मर्यादित आवृत्ती म्हटली तर २५ म्हणजे २५. आकार बदलून आणखी पन्नास काढल्या तर पहिल्या २५ जणांना तो दगाच वाटतो.

पावसाळ्यात बुरशी आणि पार्सल, दोन्हीचे काय?

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडचा खरा शत्रू. कागदावरची चित्रे भिंतीला टेकवून ठेवू नका. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या बंद पेटीत सिलिका जेलसह आडवी ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तापवून घ्या. लेन्ससाठी ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारी कपाटे मिळतात. लेन्सवर चढलेली बुरशी काढण्याच्या खर्चापेक्षा ती स्वस्त पडतात.

ॲक्रिलिकवर बबल रॅप थेट लावला तर उष्णतेने गोल ठसे उठतात. आधी ग्लासिन (गुळगुळीत, पातळ) कागद, मग बबल रॅप, मग कोपऱ्यांना पुठ्ठा, शेवटी सगळ्याला प्लॅस्टिकची एक घट्ट पिशवी. तैलचित्र पुरते सुकल्याशिवाय गुंडाळू नये. जाड थर असेल तर सहा महिने ते वर्ष लागते. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. नळी म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला चार इंची पीव्हीसी पाइप आणि दोन टोप्या, त्याला तोड नाही.

नळीचे आणखी एक कारण भाड्याचे आहे. कुरिअर आकारमानाचे वजन लावते : लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००. फ्रेमसह १०० × ७५ × १२चे खोके म्हणजे १८ किलो, प्रत्यक्षात सहाच असले तरी. तेच चित्र ११० सेंटिमीटरच्या नळीत सव्वातीन किलोच्या आत बसते. फ्रेम गिऱ्हाइकाच्या गावात होऊ दे.

परदेशी पाठवायचे तर?

डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयात-निर्यात कोड घ्या, शुल्क ५०० रुपये, दरवर्षी एप्रिल ते जून दरम्यान ताजा करावा लागतो. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे पोस्टाची निर्यात कागदपत्रे करून देतात. वर्णन स्पष्ट लिहा : हाताने काढलेले मूळ चित्र, माध्यम, आकार, साल. जुनाट दिसणाऱ्या कामावर सीमाशुल्क खाते अडते, कारण शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी २९ ऑगस्ट २०२५पासून बंद केली, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाला कर कोण भरणार ते आधीच विचारा. पेपाल भारतात २०२१पासून फक्त परदेशी व्यवहारांसाठी आहे. देशातल्या देशात यूपीआय आहेच.

जीएसटी लागतो का?

राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत नोंदणी नको, सेवेला, उदाहरणार्थ फोटोच्या परवान्याला, २० लाखांपर्यंत. पण माल राज्याबाहेर गेला की मर्यादा बघितली जात नाही, नोंदणी करावी लागते. हाताने काढलेली चित्रे हस्तकलेच्या यादीत येतात आणि त्यांना यात सवलत आहे. तुमचे काम त्यात बसते का हे सीएकडून लिहून घ्या. हाताच्या चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५पासून १२वरून ५ टक्क्यांवर आला. छापील फोटो वेगळ्या शीर्षकाखाली येतो आणि दरही जास्त आहे.

'मी लष्करात आहे, तीनही चित्रे घेतो, क्यूआर पाठवतो' असा मेसेज आला आहे.

ही फसवणूक आहे. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. बायकोला भेट द्यायची आहे, चेक जास्तीचा पाठवतो, उरलेले माझ्या वाहतूकदाराला द्या, हाही तसलाच प्रकार. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

माझा फोटो कोणीतरी न विचारता वापरला आहे.

आधी स्क्रीनशॉट आणि दुवा जपा. मग साइटला लेखी तक्रार करा. २०१३च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर तक्रार मिळाल्यावर मध्यस्थाने, म्हणजे त्या साइटने, ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा उघडता येतो. वापरणारा स्थानिक व्यावसायिक असेल तर मात्र पहिल्यांदा बिल पाठवा. बरेच जण मुकाट्याने भरतात.

गिऱ्हाइकाला चित्र आवडले नाही तर परत घ्यायचे का?

तयार चित्र असेल तर सात दिवस द्या, परतीचे भाडे त्याचे. वाटेत फुटले तर भरपाई तुमची, म्हणून पेटी बंद करताना व्हिडिओ काढा आणि गिऱ्हाइकालाही उघडताना काढायला सांगा. ऑर्डरचे काम परत घेऊ नका. त्यासाठी निम्मी रक्कम आधी, कच्चे रेखाटन दाखवून होकार लेखी, आणि मगच रंग.